बिनबियांच्या झाडावरची राख

१

झाड जागेवर होतं. त्याच्यावर पान मात्र एकही उरलं नव्हतं.

नत्थुजी काळमेघ बगिच्याच्या धुऱ्यावरच थांबले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. बायकोला, आशाबाईला, घेऊन ते अबुधाबीला मुलाकडे, गोपालकडे, गेले होते. नातवाचं तोंड पाहून परत निघाले, तर तिकडे इथिओपियात ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेचा ढग समुद्र ओलांडून हिंदुस्थानाकडे सरकला. गावाजवळच्या विमानतळाचं त्यांचं दुपारचं थेट विमान आधी रखडलं, मग रद्द झालं. विमानतळावरच्या खुर्च्यांवर बसून अंग आंबलं. मग कधीतरी मुंबईचं विमान, तिथून रेल्वेने बडनेरा, तिथून गाडीने शेंदूरजनाघाट. आणि घरी पोचल्यावर समोर हे.

बगिच्यात संत्र्याची झाडं पुष्कळ होती, पण हे एक झाड वेगळं होतं. त्याच्या फळात बी नव्हतीच. साल पातळ, फोड गोड, आणि बी नाही. संत्र्याच्या मुलखात अशा झाडाचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. त्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब, काढून जंबेरी या जंगली लिंबाच्या रोपावर बांधला की तसंच झाड तयार होतं. ज्याच्या हाती काडी, त्याच्या हाती झाड. म्हणून नत्थुजींनी आजवर कुणालाही काडी दिली नव्हती. घर सोडून ते रात्री बगिच्यातल्या झोपडीत निजायचे, तेही याच झाडासाठी.

आता त्या झाडाची पेन्सिलीएवढी काडीसुद्धा शिल्लक नव्हती. राहिल्या होत्या फक्त जाड फांद्या, हात वर केल्यासारख्या.

"काका," त्यांचा पुतण्या नितेश मागून हळूच म्हणाला, "आभायातून राख पडली. तुमी तिकडे अडकले होते त्या राती. सकाई उठून पायलं तं झाड पांढरंभुरकं. ते जहर खाली उतरलं असतं तं सारंच गेलं असतं. म्हून कापलं आन जाळलं."

नत्थुजी झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसले. दिवे लागले, जेवणाची वेळ झाली, तरी उठले नाहीत. शेवटी आशाबाईंनी अकोल्याला फोन लावला.

"रागिणी, तू येऊन पाय बाई. माह्या माणसानं तोंडात घास घेतला नाई. आन मले हे राखेचं काही पटून नाई राह्यलं."

२

रागिणी तायडे ही आशाबाईंच्या बहिणीची मुलगी. अकोला पोलिसात निरीक्षक. शेंदूरजनाघाट तिच्या हद्दीत येत नव्हतं आणि कुणी तक्रारही दिली नव्हती; ती रजा टाकून आली ती मावशीसाठी.

गावात शिरतानाच तिला बदल जाणवला. उन्हाळा नसताना लोकांनी तोंडाला दुपट्टे बांधले होते. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. चौकात संत्र्याच्या पेट्या भरलेले ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत होते. नत्थुजींच्या राखाडलेल्या झाडाचा फोटो साऱ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरला होता.

नत्थुजी झोपडीपुढे खाटेवर होते. तिला पाहून उठून बसले.

"विमानाचं काय झालं, काकाजी?" तिने मुद्दामच झाडाचा विषय काढला नाही.

"काय होते! काउंटरवरच्या पोरीले म्हटलं, बाई, राखेले काय भ्यायचं? आमच्या घरी रोज चूल पेटते. तं ते म्हने, बाबा, हे राख नाई, काचेचा चुरा हाय. इंजिनात गेला का तापून वितळते आन आतमंदी चिकटून बसते. मंग इंजिन बंद." त्यांनी झाडाकडे पाहिलं. "माह्या झाडाले बी तसंच झालं असन."

नितेशने तिला सगळं फिरून दाखवलं. पस्तिशीचा, अबोल, काटक माणूस. बापाच्या माघारी काकाच्या नर्सरीत वाढला आणि तिथलाच झाला. झाडाच्या कापांवर त्याने मोरचुदाचा निळा लेप लावला होता, तसाच बुंध्यालाही गुडघ्यापर्यंत फासला होता.

"इतकं कापलंच होतं, तर लेप कशाला?" रागिणीने विचारलं.

"सवय हाय, ताई. कापलं का लावाच लागते."

मग तो तिला नर्सरीत घेऊन गेला. हिरव्या जाळीच्या छताखाली जंबेरीच्या रोपांच्या रांगा होत्या, आणि जवळजवळ सगळ्याच पानांवर राखेचा थर होता. "काकांले दाखवाव म्हून झटकली नाई," नितेश म्हणाला. कोपऱ्यातली एक रांग तेवढी हिरवीगार होती. राख सोडली तर बाकीच्या रांगांत आणि तिच्यात रागिणीला तरी काही फरक दिसेना.

"ही कशी वाचली?"

"वारं असन तसं." तो दुसरीकडे पाहत म्हणाला.

तो पाणी सोडायला गेला तेव्हा रागिणी पंपघराच्या गच्चीवर चढली. जाळीचं छत आता तिच्या पायाखाली होतं. मधोमध जाळी झोळीसारखी लोंबली होती. त्या झोळीत कडुनिंबाची वाळकी पानं होती, पक्ष्यांची घाण होती, कोळ्याचं जाळं होतं आणि पाऊस थांबल्यापासून साचलेली तांबूस धूळ होती. तिने हात लांबवून जाळीवर बोट फिरवलं आणि निरखून पाहिलं.

बोटाला राखेचा कणसुद्धा लागला नव्हता. आभाळातून पडलेली राख छताला न शिवता छताखालच्या रोपांवर कशी पोचली?

३

नत्थुजींकडे काडी मागून मागून थकलेला एक माणूस गावात होता: सुगत खंडारे. त्याचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र होतं. खतांच्या पोत्यांमध्ये बसून तो चहा पीत होता. रागिणी कोण हे कळल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"ताई, सरळच सांगतो. काडी मांगतली होती म्या, एकदा नाई, धा खेपा. पन चोरी नाई केली."

"चोरी झाली असं कुणी म्हटलं?"

सुगत गोंधळला. मग हसला. "गावात मीच एकटा असन ज्याले चोरी वाटली. इतकं कोवळं लाकूड, आन जाळून टाकलं म्हने! कोन जाळते?"

"जाळायचा सल्ला तुम्हीच दिला म्हणतात."

"म्या?" तो ताडकन उठला. "आयका. त्या सकाई दुकान उघडाच्या आंधी नितेश पानं घेऊन आला. मले इचारे, ज्वालामुखीच्या राखेत आम्ल असते का? म्या मोबाइलवर पायलं, असते म्हने. मंग तोच म्हने, कापलं तं चालन का? म्या म्हटलं, बावा, झाड तुमचं, मर्जी तुमची. बाहेर आला आन चार लोकांपुढं म्हने, सुगतभाऊनं कापाले सांगतलं."

"आदल्या रात्री तुम्ही बगिच्याकडे गेला होता?"

"त्या राती? ताई, त्या सांजीले नत्थुजी येणार होते. साऱ्या गावाले ठाऊक. बुढा आला का पयले झोपडीत जाते, मंग घरी. काठी घेऊन निजते तो. त्या राती बगिच्यात जाईन असा येडा कोन हाय?"

ती दुकानाबाहेर पडली तेव्हा त्याचा शेवटचा प्रश्न तिच्या डोक्यात घोळत राहिला. त्याने तो रागाने विचारला होता, पण प्रश्न रास्त होता. नत्थुजी येणार हे ठाऊक असलेला माणूस त्या रात्री तिथे गेलाच नसता.

म्हणजे, जो गेला त्याला ते येणार नाहीत हे ठाऊक होतं.

४

चौकातले ट्रक उस्मानभाईंचे होते. संत्र्याचे जुने व्यापारी. झाडावरचा माल पाहून बगिचे घ्यायचे आणि दूरदूर पाठवायचे. ट्रकच्या सावलीत ते एक पेटी उघडून बसले होते. वरच्या थरातली फळं मऊ पडू लागली होती.

"देखो बेटा," ते म्हणाले, "माल एकदम साफ हाय. पन तिकडचा व्यापारी म्हनते, राखवाला माल नाई पाहिजे. तोडणारे मजूर बगिच्यात जाले तयार नाई. माह्या एकट्याचं नाई, साऱ्या गावाचा माल झाडावर सडन."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता, चाचा?"

"नत्थुजीच्या घरी! हार घेऊन बसलो होतो. पयल्यांदा विमानात बसून आपला यार येऊन राह्यला, मंग? नितेशच्या घरवालीनं, चंदानं, कणकेचे रोडगे भाजाले लावले होते. आंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा हा मोठा जगरा. वास असा सुटला होता! वाट पाहून पाहून मी उठलो. म्हटलं, गाडी लेट असन."

"म्हणजे विमान रद्द झाल्याचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मालूम असतं तं हार वाळवत बसलो असतो का?"

रागिणीने पर्समधून कागदाची पुडी काढली. रोपांवरची राख तिने त्यात गोळा केली होती. उस्मानभाईंची मुलगी अफिफा अकोल्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. उस्मानभाईंनी पुडी लगेच अकोल्याला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अफिफाचा फोन आला.

"रागिणीताई, एक तर तो ढग खूप उंचावरून, विमानं उडतात तिथून गेला आणि निघूनही गेला. जमिनीवर असा थर बसेल, हे मला आधीच पटत नव्हतं. तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ज्वालामुखीच्या राखेत काचेच्या धारदार कपच्या दिसतात. यात एकही नाही."

"मग काय आहे?"

"अर्धवट जळलेला कडबा आहे, कुटार म्हणजे भुसा आहे. ताई, ही शेणाच्या गोवरीची राख आहे."

५

चंदा अंगण झाडत होती. नितेशची बायको, मोर्शीची लेक. बोलायला मोकळी. रागिणी पायरीवर बसली आणि रोडग्यांचं कौतुक उस्मानभाईंनी कसं केलं ते सांगू लागली.

"काय कामाचं कौतुक, ताई!" चंदा म्हणाली. "नत्थुमामाजीले आवडते म्हून केले. वाट पाहून पाहून सारे थंडे झाले. पोरं तसेच निजले. निजानीज झाल्यावर हे म्हनतात, आताच गोपालभाऊचा फोन आला, विमान रद्द झालं, ते काही येत नाई."

"आणि जगऱ्याची राख?"

"ते सकाई उठून पायलं तं नव्हती. यायनं उकिरड्यावर टाकली असन. मले बरंच झालं, तेवढं काम वाचलं." बोलता बोलता चंदाचा झाडू थांबला. तिने रागिणीकडे पाहिलं, मग जगऱ्याच्या काळ्या डागाकडे. ती हळूच खाली बसली. "ताई, तुमी काहून इचारून राह्यल्या?"

रागिणी उठून आत आशाबाईंकडे गेली.

"मावशी, गोपालनं नितेशला फोन कधी केला?"

"दिवेलागणीले. माह्या समोरच तं केला. म्हने, दादा, घरी सांगून दे, जेवणासाठी थांबू नका."

दिवेलागणीला. चंदा तेव्हा रोडग्यांचं पीठ मळत असेल आणि उस्मानभाई हार घेऊन यायचे असतील. एकट्या नितेशला ठाऊक होतं की आज झोपडी रिकामी राहणार आहे, आणि त्याने ते कुणालाही कळू दिलं नाही.

एवढ्यात नितेश मोटरसायकलवरून आला. "मोर्शीले गेलतो, औषध आणाले," तो म्हणाला. औषध त्याच्याजवळ नव्हतं. चंदाने दिलेला पाण्याचा तांब्या त्याने हातात घेतला, तेव्हा रागिणीचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठ्याची कातडी सोलून निघाली होती आणि नखात हिरवं काळं बसलं होतं. डोळे बांधणाऱ्याचा अंगठा असा होतो. चाकूने सालीत चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची, दिवसभर.

पण राख न झटकलेल्या या नर्सरीत तर आठवडाभरात एकही डोळा बांधला गेला नव्हता.

६

"काकाजींना घेऊन झाडाजवळ ये," रागिणी त्याला म्हणाली.

आशाबाई आणि चंदाही मागून आल्या. नत्थुजी बुंध्याशी टेकून बसले.

"काकाजी, आभाळातून काही पडलं नाही," रागिणीने सांगायला सुरुवात केली. "जाळीच्या छतावर राख नाही आणि छताखालच्या रोपांवर आहे, म्हणजे कुणीतरी आत उभं राहून ती उडवली. राख गोवरीची आहे. तुमच्याच अंगणातली. मला आधी वाटलं चोर असेल, काडी न्यायला आला असेल आणि राखेचं सोंग केलं असेल. पण झाड नितेशनेच कापलं, आणि काडी पळवणाऱ्या चोराने कापांवर लेप लावला नसता. आणि त्याने ती कोपऱ्यातली रांग सोडली नसती."

"कोनती रांग?" नत्थुजींनी विचारलं.

"मला ती बाकीच्यांसारखीच दिसते. त्या रांगेत काय आहे, नितेश?"

नितेश जमिनीकडे पाहत होता. "तुमी जाच्या आंधी साध्या संत्र्याचे डोळे बांधले होते ना, काका. ते कोवळे फुटवे हायत. राखेनं जळले असते."

"तेच. चोराला हे कळलं नसतं. कळलं असतं तरी त्याने पर्वा केली नसती. ज्याने राख टाकली त्याचा हात त्या रोपांवर उठला नाही." ती नितेशकडे वळली. "मधल्या जाडीच्या फांद्या नाल्यावर जाळल्यास. तिथे मी पाहून आले. बारीक काडीचं एक टोकही सापडलं नाही. काड्या मोर्शीला, तुझ्या सासरवाडीला आहेत ना?"

चंदाच्या तोंडून "अवं माय!" एवढंच निघालं.

नत्थुजी उठले. वयाच्या मानाने फार लवकर उठले. "तू? माह्या झाडाले तू? घरातल्या घरात?"

नितेशने खिशातून चाकू काढला. रागिणी पुढे झाली, पण तो खाली वाकला आणि बुंध्यावरचा निळा लेप खरवडू लागला. लेपाखाली साल काळी पडली होती आणि तिच्या चिरांमधून तांबूस डिंक ओघळून घट्ट झाला होता. तो खरवडत बुंध्याला फेरी घालत गेला. सगळीकडे तेच. चांगली साल जेमतेम चार बोटं उरली होती.

"डिंक्या रोग," तो म्हणाला. "पोळ्याच्या टायमालेच सांगतलं होतं म्या तुमाले. म्हटलं, काका, झाड जाते, आता डोळे काढून घेऊ. तुमी म्हटलं, माह्या झाडाले नख लावशीन तं तंगडं तोडीन. मले महिनाभर बगिच्यात पाय ठेवू नाई देल्ला. उन्हाळ्यात हे मरते, काका. एक बी काडी कोनाजवळ नाई. मंग काय उरते? गोपालचा फोन आला, टीव्हीवर राख राख चालू होतं. म्या म्हटलं, ज्वालामुखीवर नाव जाईन. काका मले शिव्या नाई देणार."

"आन मले सांगतलं कवा असतं?"

"डोळे फुटल्यावर. हिरवं दिसलं असतं मंग सांगतलं असतं."

नत्थुजी बराच वेळ त्या काळ्या सालीवर बोटं फिरवत राहिले. डिंकाचा खडा त्यांच्या नखाखाली मोडला. त्यांना तो श्रावणातही दिसला असणार. रागिणीला त्यांच्या चेहऱ्यावरून तेवढं कळलं.

"तुझं काकांशी काय ते तू पाहा," ती नितेशला म्हणाली. "पण तुझ्या राखेनं गावाची शाळा बंद आहे, उस्मानभाईंचे ट्रक उभे आहेत, आणि सुगतच्या माथी तू न दिलेला सल्ला मारलास. ते मला सोडता येणार नाही. पोलिसात मी काही देत नाही. चौकात जाऊन तू सांग. तुझ्या तोंडानं."

"मी येतो संगं," नत्थुजी अचानक म्हणाले.

चौकात नितेश ट्रकच्या फाळक्याला धरून उभा राहिला आणि जे केलं ते त्याने सांगितलं. लोक आधी हसले. मग शिव्या सुरू झाल्या. सुगत चालून गेला आणि त्याने नितेशची कॉलर धरली. नितेशने ती सोडवून घेतली नाही, नुसता "चुकलं, भाऊ" म्हणत राहिला. उस्मानभाईंनी दोघांना बाजूला केलं. नत्थुजींनी पेटीतलं एक संत्रं घेतलं, सगळ्यांदेखत सोललं आणि सालीला लागलेली बोटं चाटत खाल्लं. उस्मानभाईंनी तेवढ्यात मोबाइल समोर धरला होता. तो व्हिडिओ त्यांनी तिकडच्या व्यापाऱ्यांना पाठवला. पहिला ट्रक निघाला तेव्हा अंधार पडायला आला होता. माल थोडा गेला, थोडा फेकावा लागला.

दुसऱ्या दिवशी रागिणी अकोल्याला परत निघाली. वाटेत मोर्शी. तिच्या गाडीत मागे आशाबाई आणि चंदा, पुढे नत्थुजी. नितेश मोटरसायकलवर मागून येत होता. काकांनी त्याला गाडीत घ्या असं म्हटलं नव्हतं, आणि कालपासून त्याच्याशी एक शब्दही काढला नव्हता.

चंदाच्या वडिलांच्या वावरात विहिरीजवळ जंबेरीची रोपं होती. प्रत्येक रोपाच्या खोडावर पांढऱ्या पट्टीची घट्ट गुंडाळी. रांगांमागून रांगा. इतकं एकट्या माणसाने कधी बांधलं असेल, याचा रागिणीला अंदाज लागेना. नत्थुजी पहिल्या रांगेशी उकिडवे बसले. एका रोपाची पट्टी त्यांनी नखाने जराशी सरकवून आत पाहिलं. डोळा हिरवा होता. त्यांनी पट्टी परत बसवली आणि तशीच पुढची पाहिली, मग त्याच्या पुढची.

नितेश विहिरीच्या काठावर उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती.

"नित्या," नत्थुजी मान वर न करता म्हणाले. "पानी कवा देल्लं?"

"सकाई, काका."

"मंग आज नको देऊ. उद्या दे. आन मले घ्याले ये."